तीन आठवड्यांची आणि तीन दिवसांची पिल्लं एकाच ब्रुडरात चालतील का?

पत्र : आमच्याकडे ४ बाय ४ फुटांच्या प्लायच्या ब्रुडरमध्ये, म्हणजे पिल्लांना बल्बची ऊब देण्याच्या कप्प्यात, ३ आठवडे पूर्ण झालेली गावरानची २२ पिल्लं आहेत. परवा घरच्या छोट्या इन्क्युबेटरमधून (अंडी उबवायच्या यंत्रातून) आणखी १७ निघाली. त्यातली ५ आम्ही अंदाज घ्यायला म्हणून रात्री मोठ्यांत सोडली. सकाळी दोन कोपऱ्यात चेपून मेलेली दिसली, एकाच्या पायाच्या बोटातून रक्त येत होतं. उरलेली १५ सध्या स्वयंपाकघरात खोक्यात आहेत. तीन दिवसांनी हॅचरीतून कावेरी जातीची ४० पिल्लं येणार आहेत. ब्रुडर एक, बल्ब एक आणि रात्रीची लाईट बेभरवशाची. मोठ्यांना मानमोडीवरची (राणीखेत रोगावरची) लासोटा लस दिली आहे, गंबोरो रोगाची लस द्यायची राहिली. सगळी एकत्र वाढवता येतील का? मोठी पिल्लं मारकुटी आहेत, ती कशी शांत करायची? खुडूक कोंबडीखाली रात्री पिल्लं सरकवतात तसं केलं तर चालेल का?
— एक वाचक भगिनी, ता. अकोले, जि. अहिल्यानगर

उत्तर : ताई, २२ मोठी आणि बाकीची लहान एकत्र नकोत. मात्र घरची १५ आणि हॅचरीची ४० ही एकत्र वाढवता येतील, कारण त्यांच्यात जेमतेम चार दिवसांचा फरक राहील. पत्र पोचून उत्तर तुमच्या हाती पडेपर्यंत सगळ्यांची वयं पुढे सरकलेली असतील, पण खालचा हिशेब पत्रातल्या वयांनी केला आहे. पुढच्या खेपेलाही तोच लागू पडेल.

आधी त्या दोन मेलेल्या पिल्लांचं. ती मोठ्यांनी मारली असं तुम्ही धरून चालला आहात. बोटाची जखम मोठ्यांनी केली हे खरं. नव्या पिल्लाची बोटं बारीक, हलती आणि फिकट असतात, मोठी पिल्लं ती किडा समजून टोचतात आणि एकदा लाल रंग दिसला की सगळी त्याच जागेवर येतात. पण कोपऱ्यात चेपून मेलेली पिल्लं बहुतेक वेळा गारठ्याची असतात. बल्बखालची उबेची जागा २२ मोठ्या अंगांनी भरलेली. एक दिवसाचं पिल्लू त्या गर्दीत शिरू शकत नाही, कडेला ढकललं जातं, कोपऱ्यात जाऊन बसतं आणि पहाटे गारठा वाढला की ऊब शोधणारी मोठी पिल्लं त्याच्या अंगावर चढतात. म्हणजे मारकुटेपणा शांत करून हा प्रश्न सुटणारा नाही.

मूळ अडचण तापमानाची आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे तुसापासून दोन इंच वर, ३३ ते ३५ अंश सेल्सिअस लागतं. दुसऱ्या आठवड्यात ३० ते ३२, तिसऱ्यात २७ ते २९, चौथ्यात २४ ते २६. तुमची मोठी पिल्लं चौथ्या आठवड्यात आहेत, त्यांना आणि नव्यांना लागणाऱ्या उबेत ९ अंशांचा फरक आहे. ब्रुडर ३४ अंशांवर ठेवला तर मोठी चोच उघडून धापा टाकतात, पाणी जास्त पितात, पातळ हगतात, तूस ओलं होतं, आणि उकाड्याने चिडून एकमेकांची पिसं उपटायला लागतात. २५ वर ठेवला तर नवी गोळा होऊन बसतात, खात नाहीत, गुदद्वाराला विष्ठा चिकटून ते बंद होतं, पोटातला बलक नीट जिरत नाही आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मरायला लागतात. मधला आकडा पकडला तर दोघांचंही बिघडतं.

शिवाय एक खूण हातची जाते. एकाच वयाच्या पिल्लांत थर्मामीटर नसला तरी चालतं. बल्बखाली ढीग केला तर गार, कडेला पळाली तर गरम, सगळीकडे विखरून बारीक किलबिल करत असली तर बरोबर. मिसळलेल्या ब्रुडरमध्ये मोठी कडेला आणि लहान मध्ये असतात, पाहणाऱ्याला वाटतं की सगळं ठीक विखुरलंय. प्रत्यक्षात कुणालाच हवी ती ऊब मिळत नसते.

वयाचा किती फरक चालतो, याचा ठोकताळा असा : तीन-चार दिवसांपर्यंत काळजी नाही. आठवड्यापर्यंत जागा मोकळी असेल आणि दिवसातून चार-पाच वेळा लक्ष देता येत असेल तर चालवून घ्यावं. त्यापुढे नाही. आणि वयापेक्षा आकार बघा. गिरिराज गावरानपेक्षा झपाट्याने वाढतो, कडकनाथ बारीक चणीचा राहतो, त्यामुळे एकाच दिवशी आणलेली ही पिल्लंही महिन्याभरात एकमेकांना जड जाऊ शकतात. ब्रॉयलर तर कोणत्याच गावरान जातीत मिसळू नये. तीन आठवड्यांत तो पाऊण-एक किलोकडे सरकलेला असतो. गावरान आणि कावेरीचं मात्र पहिले काही आठवडे जमतं.

आता दिसत नाही ते नुकसान. ते टोचण्यापेक्षा मोठं आहे.

तीन ते सहा आठवड्यांचं वय हे रक्ती हगवणीचं, म्हणजे कॉक्सिडिओसिसचं, नेहमीचं वय. या वयाची पिल्लं वरून धडधाकट दिसत असली तरी त्यांच्या विष्ठेतून या परजीवीची बारीक अंडी तुसात पडत असतात. तूस ओलसर आणि उबदार असलं की एक-दोन दिवसांत ती अंडी लागण करण्याइतकी पक्व होतात. मोठ्या पिल्लांना ती पहिल्या दिवसापासून थोडी थोडी मिळत गेली, म्हणून त्यांच्या अंगात प्रतिकार तयार होत आला. नवं पिल्लू थेट तीन आठवड्यांच्या साठ्यावर उतरतं आणि पहिल्याच दिवशी मोठा डोस गिळतं. लक्षणं दिसायला चार ते सात दिवस लागतात, त्यामुळे कुणाला वाटत नाही की याचं कारण एकत्र सोडण्यात होतं. ‘हवेनं गेली’ म्हणून विषय संपवला जातो.

लशीचंही तसंच. लासोटा आणि गंबोरो या जिवंत लशी. लस दिलेल्या पिल्लाकडून लशीचा विषाणू काही दिवस बाहेर पडत राहतो. मोठ्यांना आज गंबोरो दिली आणि उद्या त्यांच्यात एक दिवसाची पिल्लं सोडली, तर त्या पिल्लांना लस मिळते ती भलत्या वयात आणि मोजमापाशिवाय. पुढे कुणाला प्रतिकारशक्ती आली, कुणाला नाही, याचा पत्ता लागत नाही आणि मानमोडीची साथ आली की अर्धा कळप जातो, अर्धा राहतो. शिवाय घरी उबवलेल्या पिल्लांना पहिल्या दिवशीची मॅरेक्स रोगाची लस सहसा मिळालेलीच नसते. तो विषाणू मोठ्या पक्ष्यांच्या पिसांच्या कोंड्यातून हवेत पसरतो, म्हणून पहिले काही आठवडे ती मोठ्या कोंबड्यांपासून लांबच बरी. हॅचरीला फोन करून कावेरीला मॅरेक्स दिली आहे का, एवढं नक्की विचारा.

मग करायचं काय? बहुतेक जण करतात ते असं : मोठ्यांना बाहेर काढायचं आणि लहानांना ब्रुडरमध्ये टाकायचं. हे उलटं आहे. मोठी पिल्लं आपल्या तुसाला सरावलेली आहेत, त्यांना तिथेच राहू द्या. नवी जागा लहानांना द्या. त्या प्लायच्या ब्रुडरमधलं तूस बदललं, फिनाईल टाकलं, तरी कॉक्सिडिओसिसची अंडी बहुतेक जंतुनाशकांना दाद देत नाहीत. त्यांना मारतं ते उकळतं पाणी, ज्वाला आणि कडक सुकणं. त्यामुळे तो ब्रुडर रिकामा झाला की सगळं तूस शेणखड्ड्यात, खरवडून काढलेली विष्ठाही तिकडेच, उकळत्या पाण्याने धुवायचा, दोन-तीन दिवस उन्हात ठेवायचा आणि मगच पुढच्या बॅचला घ्यायचा.

लहानांसाठी गोल चिकगार्ड करा. दीड फूट उंचीचा पत्रा किंवा जाड पुठ्ठा, लांबी १९ फूट. गोल केला की ६ फूट व्यासाची, सुमारे २८ चौरस फुटांची जागा मिळते. ५५ पिल्लांना अर्धा चौरस फूट प्रत्येकी, म्हणजे चार आठवड्यांची सोय झाली. गोलच का, तर कोपरा राहत नाही. तुमची दोन पिल्लं कोपऱ्यातच गेली. प्लायच्या ब्रुडरमध्येही चारही कोपऱ्यांत पुठ्ठा तिरका लावून टाका, अर्ध्या तासाचं काम आहे. खाली दोन-तीन इंच कोरडं भाताचं तूस. वर कागद अंथरायचा तर नालीदार पुठ्ठा उलगडून किंवा चुरगळलेला कागद घाला. गुळगुळीत वर्तमानपत्रावर नव्या पिल्लाचे पाय फाकतात आणि दोन दिवसांत ते फाकलेलेच राहतात.

उबेचा हिशेब : उन्हाळ्यात पिल्लामागे १ वॉट, थंडीत २ वॉट, आणि तुमच्याकडे डोंगरातल्या रात्री दहा अंशांच्या आसपास उतरतात तेव्हा ३ वॉट धरा. ५५ पिल्लांना १६५ वॉट. म्हणजे १०० वॉटचे दोन बल्ब, वेगवेगळ्या होल्डरवर, वर पत्र्याची किंवा जुन्या टोपलीची टोपी. एक गेला तरी दुसरा सकाळपर्यंत तग धरतो. बल्ब जुन्या पद्धतीचे, तारेचे, पिवळ्या प्रकाशाचेच हवेत. एलईडी दिव्याला ब्रुडरपुरती ऊब नसते आणि आता दुकानात तोच आधी हातात देतात, तेव्हा मागताना स्पष्ट सांगा. तुसापासून दीड फुटावर टांगून सुरुवात करा, थर्मामीटर पाहून खालीवर करा, मग दर आठवड्याला दोन-तीन इंच वर घ्या. टांगण्यासाठी सुतळी नको, तार किंवा साखळी घ्या. बल्ब तुसावर पडून आग लागल्याची उदाहरणं कमी नाहीत. आणि ऊब तपासायची वेळ संध्याकाळची नव्हे, पहाटे चारची. व्होल्टेज पडलेलं असेल तर बल्ब जळतो आहे असं दिसतं, पण ऊब निम्मीच मिळत असते.

लाईट गेली तर? पाच लिटरचे दोन कॅन गरम पाण्याने भरून गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवा, वरून चिकगार्डवर गोणपाट टाका, एका बाजूला हातभर फट ठेवून. कॅन काही तास ऊब धरतात, पाणी बदलत राहायचं. निखाऱ्यांची शेगडी ठेवायचीच असेल तर ती धूर संपलेली, पत्र्याने झाकलेली आणि वरची खिडकी उघडी ठेवूनच. बंद खोलीतल्या शेगडीने पिल्लंही गुदमरतात आणि राखणीला झोपलेलं माणूसही.

त्या रात्री मोठ्यांत जाऊन आलेली तीन पिल्लं लगेच बाकीच्यांत मिसळू नका. जखमेवर पोविडोन आयोडीन लावा आणि तिघांना एका खोक्यात, ४० वॉटच्या बल्बखाली, आठवडाभर वेगळी ठेवा. एकटं पिल्लू ओरडून ओरडून अर्धमेलं होतं, तिघांना एकमेकांची सोबत होईल. त्यांची विष्ठा आठ दिवस नजरेखालून जाऊ द्या. स्वच्छ राहिली आणि बोट सुकलं की बाकीच्यांत.

हॅचरीची ४० आली की घरच्या १२ पिल्लांना पाच दिवस झालेले असतील. चिकगार्डच्या आत पुठ्ठ्याचा आडवा पडदा लावून दोन भाग करा, प्रत्येक भागावर एक बल्ब. चार दिवस पडदा राहू द्या. कारण टोचाटोची नव्हे. प्रवासाने दमलेल्या पिल्लाला पाणी आणि खाद्य कुठे आहे हे शांतपणे शिकू द्यायचं असतं. पोचल्यावर पहिले काही तास कोमट पाणी, लिटरला ५० ते ८० ग्रॅम गूळ. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवून सोडा, ४० पिल्लांना दहा मिनिटं लागतात. पाण्यानंतर दोन तासांनी कागदावर पसरून मक्याचा बारीक भरडा, दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य. गुळाचं पाणी दिवसभर ठेवू नका, आंबतं.

पहिल्या रात्री दहाच्या सुमाराला दहा-बारा पिल्लं एकेक करून हातात घ्या आणि गळ्याच्या बुडाशी, छातीच्या किंचित उजवीकडे, अन्नाची पिशवी अंगठा आणि बोटात धरून चाचपा. भरलेली आणि मऊ लागली तर खाल्लंही आहे, प्यायलंही आहे. कडक गोळी लागली तर खाल्लंय पण पाणी सापडलेलं नाही. सपाट असेल तर काहीच नाही, त्या पिल्लाला बल्बजवळ घेऊन पाण्यावर आणि भरड्यावर चोच टेकवा. दहापैकी दोनच्या वर सपाट निघाली तर दोष पिल्लात नाही, उबेत किंवा भांड्यांच्या जागेत आहे.

भांडी : ५० पिल्लांना दोन लिटरचं एक पाण्याचं भांडं हा किमान हिशेब, तुम्ही दोन ठेवा, पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. उथळ हवं. पसरट भांडं असेल तर त्यात धुतलेले गोटे घाला, नाहीतर नवं पिल्लू पाण्यात पडून अर्ध्या बोटभर खोलीतही बुडतं. भांडं बल्बच्या थेट खाली नको, पाणी गरम होतं आणि पिल्लं पीत नाहीत. खाद्याच्या कडेला पहिले दोन आठवडे पिल्लामागे एक इंच जागा, पुढे दोन इंच. खाद्याबाबत मोठ्या-लहानांत फार फरक करावा लागत नाही. सुमारे २० टक्के प्रथिनांचं चिक स्टार्टर आठ आठवड्यांपर्यंत दोघांनाही चालतं. फक्त घरच्या अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य पिल्लांसमोर येऊ देऊ नका. त्यात तीन-साडेतीन टक्के कॅल्शियम असतं, पिल्लांची मूत्रपिंडं त्याने निकामी होतात.

पडदा काढताना संध्याकाळी काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळभर लक्ष ठेवा. एखादंच टोचकं निघालं तर त्याला दोन दिवस बाजूला काढा, बाकीच्यांना शिक्षा नको. पुष्कळ जण एकमेकांना टोचत असतील तर गर्दी, उकाडा, फार झगझगीत उजेड किंवा रिकामं खाद्यपात्र यांपैकी काहीतरी आहे. आठवड्यानंतर दोन्ही बल्ब लाल घेतले तर रक्ताचा लाल ठिपका नजरेत भरत नाही.

मोठ्या २२ पिल्लांना ४ बाय ४ ची जागा आणखी आठ-दहा दिवस पुरेल, त्यानंतर पिल्लामागे एक चौरस फूट द्या. ४ बाय ६ फुटांचा कप्पा शेडमध्ये केला तर झालं. त्यांना दिवसा ऊब लागणार नाही, रात्री मात्र ६० वॉटचा एक बल्ब पाच-सहा आठवड्यांची होईपर्यंत ठेवा. एक जुनं खोकं, पुढची बाजू कापलेली, आत थोडं गवत, असं आडोशाला दिलं तर कमी विजेत भागतं.

दोन्ही गट एकाच खोलीत असले तरी चालेल, हातभर अंतर आणि मध्ये खालून फूटभर भरीव पुठ्ठा हवा, म्हणजे मोठ्यांनी उकरलेलं तूस लहानांकडे उडत नाही. काम नेहमी लहानांकडून मोठ्यांकडे. आधी लहानांचं पाणी, खाद्य, मग मोठ्यांचं. भांडी वेगळी, मोठ्यांच्या कप्प्याच्या चपला वेगळ्या, हात साबणाने धुऊन. मुलांना हे पाळणं अवघड जातं, तेव्हा लहानांकडे जाणारं माणूस घरात एकच ठरवा.

लशींचं वेळापत्रक आता जुळवून घेता येईल. कावेरी ६ दिवसांची असताना घरची साधारण १० दिवसांची असतील, त्या दिवशी सगळ्यांना लासोटा, डोळ्यात एक थेंब. १४ व्या दिवशी, कावेरीच्या वयाने, गंबोरो. एकच कुपी दोन्हींना पुरते, आणि लशीची कुपी शंभराच्या खालची सहसा मिळत नाही, हे पाहता वयं जवळ ठेवण्यात पैशाचाही फायदा आहे. कुपी फोडली की तास-दीड तासात संपवायची, बर्फात ठेवायची. २२ मोठ्यांची राहिलेली गंबोरो आता पशुवैद्यकांना विचारून द्या आणि त्यानंतर आठवड्याने लासोटाचा बूस्टर. दोन लशी एकाच दिवशी उरकण्याचा मोह नको.

रक्ती हगवण दिसलीच, म्हणजे विष्ठेत तांबूस किंवा चॉकलेटी रक्त, पिसं फुगवून डोळे मिटून उभी पिल्लं, तर त्या दिवशीच ॲम्प्रोलियम सुरू करावं लागतं. २० टक्क्यांची पावडर असेल तर जोरदार लागणीत लिटरला १.२ ग्रॅम, तीन ते पाच दिवस, पिण्याचं दुसरं पाणी न ठेवता, आणि नंतर डॉक्टर सांगतील तसा कमी डोस. या काळात बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक बंद. ॲम्प्रोलियम परजीवीला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही म्हणून तो मरतो, तुम्ही तेच जीवनसत्त्व पाण्यातून पाजलं तर औषध वाया. लोक दोन्ही एकाच भांड्यात कालवतात आणि ‘औषधाला गुण नाही’ म्हणतात. ओलं तूस त्याच दिवशी उपसा. आणि पांढरी, पाण्यासारखी हगवण असून पिल्लं स्वतःच्याच शेपटीखाली टोचत असतील तर ते गंबोरोचं लक्षण असू शकतं, तिथे ॲम्प्रोलियमचा उपयोग नाही. ताजं मेलेलं पिल्लू पिशवीत, बर्फावर घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, फ्रीजरमध्ये गोठवू नका.

सगळी एकत्र केव्हा? लहान आठ आठवड्यांची होऊन त्यांची मानमोडीवरची आरटूबी लस झाली, त्यावर दोन आठवडे गेले, आणि लहान आकाराने मोठ्यांच्या दोन-तृतीयांशाच्या वर आली, की. आधी आठवडाभर मध्ये नुसती जाळी, एकमेकांना बघू द्यायची. मग संध्याकाळी दोन्ही गटांना तिसऱ्याच, दोघांनाही नव्या असलेल्या जागेत सोडा. मोठ्यांच्या घरात लहानांना सोडलं तर मोठी हक्क गाजवतात. खाद्याची भांडी तीन ठिकाणी, एकमेकांच्या नजरेआड. तुमच्याकडे लहानांची संख्या दुपटीच्या वर आहे, हे त्यांच्या पथ्यावर पडेल. तोवर ओळखू येणारे नर वेगळे काढलेले असले तर आणखी बरं.

खुडूक कोंबडीचा तुमचा प्रश्न. तिच्याखाली रात्री एक-दोन दिवसांची पिल्लं सरकवली तर ती सहसा घेते, पण तिची स्वतःची पिल्लं असतील तर तीही त्याच वयाची हवीत. ती ऊब देते, राखते, जवळ आलेल्या इतर कोंबड्यांना हाकलते. ब्रुडरमध्ये हे करणारं कुणी नसतं, तिथे रात्रीचा अंधार नव्या पिल्लांना फक्त काही तास लपवतो. एक कोंबडी १० ते १२ पिल्लं नीट झाकते. तुमच्याकडे आत्ता खुडूक असेल तर घरच्या बारांना तिच्याखाली देऊ नका, ती पाच दिवसांची झालेली असतील, बल्बला सरावलेली पिल्लं तिच्या हाकेला येत नाहीत.

आता इन्क्युबेटर. तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण अंडी जमतील तशी यंत्रात घालत असाल तर तसं करू नका. पुढची अडचण तिथेच तयार होते. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, शेवटचे तीन दिवस त्यांना फिरवायचं नसतं आणि ओलावा वाढवायचा असतो. एकाच यंत्रात पाचव्या दिवसाची आणि एकोणिसाव्या दिवसाची अंडी असतील तर एकाला हवं ते दुसऱ्याला मारक ठरतं. अंडी सात दिवसांपर्यंत साठवा आणि एकदम लावा. १५ ते १८ अंश मिळाले तर उत्तम. थंडीच्या दिवसांत घरातला गार, अंधारा कोपरा पुरतो, उन्हाळ्यात ओल्या वाळूत अर्धा पुरलेला माठ, तोंडावर ओलं फडकं. अंड्याचं टोक खाली, वर पेन्सिलीने तारीख. धुऊ नका. सातपेक्षा जास्त दिवस ठेवली तर फुटण्याचं प्रमाण घटत जातं, दहाच्या पुढची अंडी सरळ खाण्यात घाला.

एकदम लावलेली अंडीही एकाच तासाला फुटत नाहीत, पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात दिवस-दीड दिवस जातो. म्हणून दर पिल्लाला झाकण उघडायचं नाही. आतला ओलावा उडतो आणि फुटायला आलेली पिल्लं कवचात चिकटतात. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज काढतं. सगळी सुकून फुलली की एकाच वेळी काढा आणि एकाच वेळी ब्रुडरमध्ये सोडा. मधल्या दिवसांत अंडी जास्त जमली तर ती विका. यंत्रात एक रिकामी जागा दिसते म्हणून चार अंडी आत सरकवली, की तीन आठवड्यांनी पुन्हा चार पोरक्या पिल्लांसाठी वेगळा बल्ब लावावा लागेल.